दोर धरणारा मित्र



विहिरीचा गाळ काढावयास उतरणारा मनुष्य कमरेस दोर बांधण्यापूर्वीं एकदां मान वर करून काठाकडे पाहतो. दोर धरून कोण उभा आहे, हें त्याला पाहावयाचें असतें. आंत उतरल्यावर आपला आवाज वर पोंचेल न पोंचेल, पण दोराला बसलेला हिसका त्या माणसास खचित कळेल, एवढ्याच भरंवशावर तो खालीं पाऊल टाकतो. मैत्री या शब्दाचा अर्थ सांगावयास याहून चांगला दाखला सांपडणें कठीण. काठावरच्या अशाच एका माणसाची आठवण हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचें नांव मॉरिस फार्ग. तो फ्रान्सच्या आरमारांतील पाणबुड्या होता. २३ एप्रिल १९१३ रोजीं तो जन्मला, आणि १७ सप्टेंबर १९४७ रोजीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, समुद्रानें त्याला नेलें.

सागराच्या पोटांतील सृष्टि जगाला दाखविणारा म्हणून जाक कूस्तो याचें नांव बहुतेक सुशिक्षित घरांत ठाऊक असतें. त्याचे दोन जिवलग सोबती, फिलिप तायये आणि फ्रेडरिक द्युमा, यांचींही नांवें जाणकारांस परिचित आहेत. या तिघांनीं पुस्तकें लिहिलीं, चित्रपट काढले, आणि तिघेही दीर्घायुषी झाले. द्युमा १९९१ त, कूस्तो १९९७ त आणि तायये २००२ त निवर्तला. परंतु कूस्तो आणि द्युमा या दोघांचीं पुढचीं सारीं वर्षें ज्या हातांनीं दोरानें ओढून वर काढलीं, त्या हातांचा धनी मात्र त्यांतलें जेमतेम एक वर्षच पाहूं शकला. त्याची हकीगत समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

पूर्वीं समुद्रांत उतरणारा पाणबुड्या म्हणजे डोक्यावर तांब्याचें भलें मोठें शिरस्त्राण, पायांत शिशाचे जड जोडे आणि पाठीमागें जहाजापासून आलेली हवेची लांब नळी, असें अवजड सोंग असे. तो समुद्राच्या तळावर बेडी घातलेल्या बंदिवानासारखा चाले. माशाप्रमाणें मोकळेपणानें पोहतां यावें ही माणसाची फार दिवसांची हौस. ती पुरी होण्यास एक विलक्षण योग जुळून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं फ्रान्समध्यें पेट्रोलचा दुष्काळ पडला होता. मोटारी वायूवर चालवाव्या लागत, आणि त्यासाठीं एमिल गान्यां या कल्पक इंजिनियरानें वायूचा पुरवठा बेतशीर सोडणारी एक झडप तयार केली होती. १९४२ च्या अखेरीस कूस्तो त्याला भेटला. त्याला हवी होती ती अशी झडप, कीं पाणबुड्यानें श्वास घेतांच बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा त्याला मिळावी, आणि श्वास थांबतांच ती आपोआप बंद व्हावी. दोघांच्या विचारांतून १९४३ सालीं ॲक्वालंग हें यंत्र सिद्ध झालें. पाठीवर दाबलेल्या हवेचीं नळकांडीं, तोंडांत धरावयाची नळी आणि मध्यें ती झडप, एवढाच त्याचा संसार. त्या उन्हाळ्यांत कूस्तो भूमध्य समुद्रांत उतरला आणि कोणत्याही नळीनें जहाजास न बांधतां मनसोक्त पोहला. पुढें स्कूबा या नांवानें जो छंद पृथ्वीभर पसरला, त्याची ही नांदी होय.

युद्ध संपलें तेव्हां १९४५ त फ्रेंच आरमारानें तुलाँ या बंदरांत सागरतलाच्या संशोधनासाठीं एक लहानसें पथक उभारलें. तायये त्याचा प्रमुख, कूस्तो त्याचा दुय्यम आणि द्युमा हा आरमाराबाहेरचा असूनही त्यांचा उजवा हात. त्यांच्या हाताखालीं आरंभींच जे कसलेले दर्यावर्दी आले त्यांत मॉरिस फार्ग, जाँ पिनार आणि गी मोरांदिएर हे तिघे होते. युद्धानें समुद्रांत पेरून ठेवलेले सुरुंग शोधणें, बुडालेल्या जहाजांची पाहणी करणें, नव्या यंत्राची कसोटी घेणें, असलीं जोखमीचीं कामें या मंडळींकडे असत. अधिकारी आणि शिपाई यांच्यामध्यें आरमारांत जें अंतर असतें, तें पाण्याच्या पृष्ठभागावरच राहात असे. पाण्याखालीं सर्वांची हवा सारखीच मोजून भरलेली असे. फार्ग हा या पथकांत पाणबुड्यांचा नायक झाला. कोणीं केव्हां उतरावें, दोर कोणीं धरावा, वर केव्हां घ्यावें, हें पाहणें त्याच्याकडे आलें.

त्याच्या आयुष्यांतील मोठा प्रसंग मात्र समुद्रांत घडला नाहीं. फ्रान्सच्या दक्षिण भागांत व्होक्लूझ नांवाचा एक झरा आहे. सोर्ग नदीचा हा उगम. एका उंच कड्याच्या पायथ्याशीं खोल कुंड आहे. वर्षांतून बराच काळ तें स्तब्ध आणि गूढ दिसतें, आणि पाण्याचा भर आला म्हणजे तेंच काठोकाठ भरून धो धो वाहूं लागतें. चौदाव्या शतकांत इटलीचा महाकवि पेत्रार्क याच्या सान्निध्यांत राहिला, त्यामुळें काव्याच्या इतिहासांतही या स्थानाला मान आहे. परंतु पाणी येतें कोठून आणि एकाएकीं उसळतें कां, हें कोडें कोणासही उलगडलेलें नव्हतें. २७ ऑगस्ट १९४६ रोजीं कूस्तो आणि द्युमा हें कोडें सोडविण्यासाठीं त्या कुंडांत उतरले. काठावर दोर धरून उभा होता मॉरिस फार्ग.

दोराच्या खुणा आधीं ठरल्या होत्या. एक हिसका म्हणजे दोर ताणून धर. तीन हिसके म्हणजे आणखी दोर सोड. सहा हिसके म्हणजे जिवावरचा प्रसंग आहे, जितक्या त्वरेनें ओढतां येईल तितक्या त्वरेनें ओढ. साधीं माणसें साध्या वेळीं ठरवितात तशा या खुणा, शाळेंतील मुलानेंही विसरूं नयेत इतक्या सोप्या. परंतु संकट कांहीं खुणा पाठ करून येत नाहीं.

कुंडाचें विवर तिरपें खालीं गेलेलें होतें. पाणी अतिशय थंड, आंत काळामिट्ट अंधार, आणि अंगावर साहित्याचें ओझें. सुमारें ४६ मीटर खोलीवर, म्हणजे दीडशें फुटांच्या आसपास, दोघांनाही एकाएकीं मद्य चढल्याप्रमाणें गुंगी आली. द्युमाचें भान हरपूं लागलें, त्याच्या तोंडांत पाणी शिरलें, आणि तो निश्चेष्ट होण्याच्या बेतांत आला. कूस्तोच्याही डोक्यावर हातोडे पडत होते. तरी आपण बुडत आहों आणि मित्रही बुडत आहे, एवढें त्याला उमगलें. बुडत्याचा पाय खोलांत, ही म्हण त्या घटकेस अक्षरशः खरी ठरूं पाहत होती. त्यानें दोर पकडून हातावर हात टाकीत वर चढावयास आरंभ केला. आणि येथेंच घात झाला. त्याच्या चढण्यानें दोराला जे हिसके बसले ते काठावर फार्गला जाणवले, पण त्यांचा अर्थ त्यानें आणखी दोर हवा आहे असा केला. तो इमानानें दोर सोडीत राहिला. खालीं कूस्तो जितका वर चढे, तितकाच दोर वरून खालीं येई. ज्याच्या आधारावर जीव टांगलेला, तोच आधार हातांतून पाण्यासारखा निसटत होता.

यांत फार्गचा अपराध काय? त्याच्या जागीं दुसरा कोणी असता तर त्यानें निराळें काय केलें असतें? चाळीस-पंचेचाळीस मीटर पाण्याच्या आणि खडकाच्या पलीकडून आलेली एक थरथर, एवढेंच काय तें त्याच्यापाशीं. दोर खडकाला घासत होता, त्यामुळें ठरलेली खूण ठरल्याप्रमाणें वर पोंचणें अशक्य झालें होतें. तरीही अखेरीस फार्गनें दोर सोडणें थांबविलें आणि तो ओढावयास लागला. कूस्तो त्या दोराला लटकला, त्याच्यामागून द्युमा आला, आणि दोघेही अर्धमेल्या स्थितींत प्रकाशांत आले. खुणेचा अर्थ चुकणें हें मनुष्याचें दुर्दैव असतें. पण चुकलेला अर्थ वेळेवर टाकून देणें हें त्याचें शहाणपण होय. त्या दिवशीं दोन माणसें वांचलीं तीं या शहाणपणामुळें.

संकटाचें कारण पुढें कळलें. नळकांड्यांत हवा भरणाऱ्या यंत्रानें आपल्याच इंजिनाचा धूर आंत ओढून घेतला होता, आणि त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु हवेबरोबर नळकांड्यांत कोंडला गेला होता. जमिनीवर ज्याचा विशेष परिणाम जाणवला नसता, तेंच विष पाण्याच्या दाबाखालीं पांच-सहा पटींनीं प्रखर झालें. झऱ्याचें कोडें त्या दिवशीं सुटलें नाहीं. १९८५ सालीं माणसाशिवाय सोडलेलें एक यंत्र त्या विवरांत ३०८ मीटरपर्यंत गेलें, तेव्हां कोठें त्याचा वाळूचा तळ दृष्टीस पडला. म्हणजे कूस्तो आणि द्युमा ज्या ठिकाणाहून मरणाच्या दाढेंतून परत आले, तें त्या खोलीच्या सहाव्या हिश्शाहून कमी होतें.

यानंतर एक वर्ष लोटलें. १९४७ सालीं पथकानें एक नवा प्रश्न हातीं घेतला. साधी दाबलेली हवा घेऊन मनुष्य किती खोल जाऊं शकतो? प्रश्न निव्वळ हौसेचा नव्हता. ज्यांस कामगिरीवर पाठवावयाचें, त्यांस कोठें थांबावयाचें हें सांगणें भाग होतें. सुमारें तीस-चाळीस मीटरांच्या खालीं पाणबुड्याला एक चमत्कारिक धुंदी चढते, हें त्यांस अनुभवानें ठाऊक झालें होतें. दाबाखालीं हवेंतील नायट्रोजन रक्तांतून मज्जातंतूंत भिनतो आणि त्यांस गुंगवितो, हें कारण अमेरिकन आरमारांतील डॉक्टर आल्बर्ट बेन्के यानें १९३५ तच सुचविलें होतें. या धुंदींत मनुष्य दुःखी होत नाहीं, उलट तो अकारण आनंदी होतो, आणि हीच तिची भयंकर बाजू. जवळून जाणाऱ्या माशाला हवेची गरज आहे असें वाटून स्वतःच्या तोंडांतील नळी काढून त्यास देण्याइतका तो उदार होऊं शकतो, असें कूस्तोनें लिहून ठेवलें आहे.

प्रयोगाची रीत अशी होती. जड वजन बांधलेला एक दोर समुद्रांत सरळ सोडीत. त्यावर दर पांच मीटरांवर एक पांढरी पाटी बांधलेली असे. खालीं जाणाऱ्यानें जेथवर पोंचेल तेथील पाटीवर न पुसणाऱ्या पेन्सिलीनें सही करावयाची आणि जमल्यास मनाची अवस्था लिहावयाची. उन्हाळ्यांत कूस्तो याच रीतीनें सुमारें ९० मीटरपर्यंत जाऊन आला. वाटेंत एका पाटीवर त्यानें नायट्रोजनची चव घाणेरडी लागते अशा अर्थाचें कांहीं खरडलें होतें. वर आल्यावर त्याला कळलें कीं त्या खोलींत आपली बुद्धि आपली राहिली नव्हती. तरीही नव्वद मीटरांच्या पलीकडे काय आहे हा प्रश्न उरलाच होता.

शरद ऋतूच्या तोंडावर पुन्हां तयारी झाली. या खेपेस अधिक काळजी घेण्यांत आली. उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधावयाचा, त्यानें अधूनमधून हिसका देऊन आपण सुखरूप असल्याची खूण करावयाची, आणि दुसरा एक पाणबुड्या सर्व साहित्य अंगावर चढवून उडी टाकण्याच्या तयारीनें उभा ठेवावयाचा. पहिला कोणीं उतरावयाचें? नायकानें. ज्यानें आजवर दुसऱ्यांचे दोर धरले, त्यानें १७ सप्टेंबर १९४७ रोजीं स्वतःच्या कमरेस दोर बांधला. वर उभे असलेल्यांत कूस्तो होता.

खुणा येऊं लागल्या. सर्व ठीक. थोड्या वेळानें पुन्हां सर्व ठीक. दोर खालीं चालला होता. मग एकाएकीं खुणा थांबल्या. व्होक्लूझच्या काठावर फार्गला जी चिंता पडली असेल तीच आतां वर उभ्या असलेल्यांवर आली. फरक इतकाच कीं तेथें हिसके येत होते आणि त्यांचा अर्थ लागत नव्हता, येथें हिसकेच येत नव्हते आणि त्यांचा अर्थ लखलखीत होता. क्षणाचाही विलंब न लावतां जाँ पिनारनें उडी घेतली, आणि वरच्यांनीं दोर ओढावयास प्रारंभ केला. पिनारला वाटेंतच फार्ग भेटला. त्याचें शरीर निश्चेष्ट होतें आणि तोंडांतील नळी सुटून छातीवर लोंबत होती. जहाजावर घेऊन त्यास शुद्धीवर आणण्यासाठीं त्याच्या सोबत्यांनीं कित्येक तास पराकाष्ठा केली. श्वास परत आला नाहीं. ॲक्वालंग वापरतांना मृत्यु आलेला पहिला पाणबुड्या म्हणून मॉरिस फार्गचें नांव इतिहासांत नोंदलें गेलें.

मग पाट्यांचा दोर वर घेण्यांत आला. १२० मीटर खोलीवरील पाटीवर फार्गची सही होती.

या सहीकडे त्याचे मित्र कोणत्या दृष्टीनें पाहत राहिले असतील, याची कल्पना ज्याची त्यानें करावी. विक्रमाच्या दृष्टीनें पाहिलें तर ती मोठीच गोष्ट होती. त्या मंडळींपैकीं कोणीही त्यापूर्वीं तेथवर पोंचलें नव्हतें. परंतु कूस्तोनें पुढें त्या दिवसाविषयीं लिहिलें तेव्हां विक्रमाचा गौरव करून दुःख हलकें करण्याचा यत्न त्यानें केला नाहीं. आपण आणि द्युमा ज्याच्यामुळें जिवंत आहों त्याला आपण वांचवूं शकलों नाहीं, आणि याचें समाधान होणें नाहीं, अशा अर्थाची सरळ कबुली त्यानें दिली. ऋण फेडण्याचा प्रसंग आला, तोही अगदीं त्याच रूपानें आला, एका टोंकास दोर धरणारे आणि दुसऱ्या टोंकास बुडणारा. आणि तरीही तें फिटलें नाहीं. नियतीची अशी परतफेड सोसावयास मोठें काळीज लागतें.

तथापि मित्रांनीं एक गोष्ट केली, आणि तीच फार्गची खरी उत्तरक्रिया म्हणावी लागेल. त्यांनीं त्याच्या सहीच्या खालीं आणखी एक सही करण्याची ईर्ष्या धरिली नाहीं. साध्या हवेनें उतरण्याची अंतिम सीमा सुमारें नव्वद मीटर, असा निर्णय त्यांनीं काढला. आजचें शास्त्र याहूनही सावध आहे. दर दहा मीटरांस पाण्याचा दाब एका वातावरणानें वाढतो, म्हणजे १२० मीटरांवर तो तेरा वातावरणें होतो, आणि फुप्फुसांत जाणारी हवा तेरापट घट्ट होते. अशा हवेंतील नायट्रोजन बुद्धि हिरावून घेतो, इतकेंच नव्हे, तर ज्यावर प्राण जगतात तो ऑक्सिजनसुद्धां त्या दाबाखालीं विषासमान होऊन आंकडी आणूं शकतो. म्हणून हौशी पाणबुड्यास उत्तम शिक्षणानंतरही ४० मीटरांची मर्यादा घालून दिलेली असते, आणि त्याहून पुष्कळ खोल उतरणारे हवेंत हेलियम मिसळून नायट्रोजनचा अंश कमी करितात. १९६५ सालीं कूस्तोच्या मंडळींतील सहा जण हेलियम आणि ऑक्सिजन यांच्या मिश्रणावर समुद्रांत शंभर मीटर खोलीवरील घरांत तीन आठवडे राहून आले. जेथें साध्या हवेनें माणसाची शुद्ध जाते, तेथें माणसें जेवलीं, झोंपलीं आणि कामही करून आलीं. धैर्यापुढें सीमा नसतात असें कवि म्हणतात. पण धैर्याला सीमा ओळखतां आली म्हणजेच तिच्या पलीकडची वाट सांपडते, असें या हकीगतीवरून दिसतें.

कूस्तो आणि द्युमा यांचें ‘मौनाचें जग’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक १९५३ त प्रसिद्ध झालें आणि त्याच नांवाच्या चित्रपटाला १९५६ त कान येथील महोत्सवांत सर्वोच्च मान मिळाला. जगभरच्या लोकांनीं पडद्यावर निळ्या पाण्यांतील प्रवाळ आणि मासे पाहिले आणि ते हरखून गेले. त्या निळाईंत एका माणसाचा वांटा होता, आणि तो पडद्यावर दिसत नव्हता. त्याचें लिहिलेलें पुस्तक नाहीं. त्याची जी वाक्यें उरलीं तीं दोराच्या हिसक्यांत होतीं, आणि शेवटचा शब्द म्हणजे स्वतःचें नांव.

आज मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ किंवा तारकर्लीच्या समुद्रांत मुंबई-पुण्याचीं कुटुंबें हौसेनें स्कूबासाठीं उतरतात. पाठीवर नळकांडें, तोंडांत नळी, आणि भोंवतीं रंगीबेरंगी मासे. मुलें वर येतात तीं डोळ्यांत नवल घेऊन. उतरण्यापूर्वीं शिक्षक त्यांस हाताच्या चार खुणा शिकवितो आणि पाण्यांत त्यांचा हात सोडीत नाहीं. जगांत कोठेंही पाणबुड्यानें एकट्यानें उतरूं नये, जोडीदार बरोबर असावा आणि प्रत्येकानें दुसऱ्याच्या श्वासावर नजर ठेवावी, हा या विद्येचा पहिला पाठ आहे. पुष्कळांस तो नियमांच्या यादींतील एक नियम वाटतो. परंतु असले नियम कागदावर येण्याआधीं कोणाच्या तरी देहावर लिहिले गेलेले असतात.

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आईबापांनीं पाण्यांतून वर येणाऱ्या बुडबुड्यांकडे पाहतांना मॉरिस फार्गची आठवण क्षणभर केली, तर ती वायां जाणार नाहीं. तो काठावर उभा राहिला तेव्हां दोन घरांतले दिवे विझतां विझतां राहिले. त्याच्या स्वतःच्या दोराला मात्र त्याच्या मित्रांचे हात पुरे पडले नाहींत. ते हात उणे नव्हते. खोली अधिक होती.